झाकण लावून काढलेले वीस फोटो

रोज रात्री एक स्तोत्र वाचायचं आणि मग गच्चीवर जाऊन आभाळाचे फोटो काढायचे, हा माझा नेम. प्रभूच्या हातचं काम नुसतं वाचून पुस्तक मिटायचं, हे मनाला पटेना, म्हणून जुना कॅमेरा घेतला. पूर्वी वाचताना हे शेजारी बसायचे. धाकटे दीर आजारात गेले आणि यांनी प्रार्थनाच सोडली. "इतकं मागितलं, मिळालं काय?" एवढंच म्हणाले. मी वाद घातला नाही. पण हात जोडले की पहिलं मागणं एकच, यांना परत शेजारी बसव.

एका रात्री वीस फोटो झाले आणि मला हुडहुडी भरली. मला उशीर झाला म्हणून हे वर आले, कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप आहे. खाली जा तू. बटणच दाबायचंय ना?"

"अजून वीस वेळा. दर वेळी परत 'खट्' आवाज येईपर्यंत थांबायचं."

"अगं, फ्रिज दुरुस्त करतो मी. बटण जमेल."

सकाळी पाहते तर माझ्या वीस फोटोंत तारे आणि यांचे वीस काळेकुट्ट.

"काचेवर दव धरत होतं," हे म्हणाले. "ओल आत गेली की मशीन कामातून गेलं. म्हणून पुसून झाकण लावलं."

"आणि मग बटण दाबलं?"

"तू वीस म्हणालीस."

मला हसू आवरेना. यांना मात्र आलं नाही. "तुझ्या देवाच्या कामाला माझा हात लागला की हे असं होतं," म्हणाले आणि हत्यारांची पिशवी घेऊन निघून गेले. ते वाक्य तापापेक्षा जास्त अंगात राहिलं.

ताप उतरल्यावर कॅमेरेवाल्याकडे गेले. माझ्या फोटोंत ताऱ्यांच्या मधे लाल-निळे ठिपके येत, ते जातील का विचारायला. तो बघता बघता काळ्या फोटोंपाशी थांबला.

"ताई, हे कुणी काढले?"

"आमच्या यांनी. चुकून."

"लोक मुद्दाम काढतात हो. त्याच रात्री, झाकण लावून. ठिपके कॅमेऱ्याचे स्वतःचे असतात, यात तेवढेच उतरतात. मग तुमच्या फोटोंतून ते वजा करायचे."

त्याने कॉम्प्युटरवर तसं केलं. ठिपके गेले. त्यांच्या गर्दीत हरवलेला ताऱ्यांचा एक फिकट पट्टा वर आला. मी आधीची आणि नंतरची, दोन्ही प्रती छापून घेतल्या.

संध्याकाळी हे कामावरून हात पुसत घरी आले. दोन्ही प्रती दिव्याखाली धरून, उघडलेल्या मशीनकडे बघावं तसे बघत राहिले. दुकानदार काय म्हणाला ते मी सांगितलं.

"म्हणजे आधी बिघाड वेगळा काढायचा," हे म्हणाले. "डोकं आहे." मग पट्ट्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं.

रात्री मी पुस्तक उघडलं, तर यांनी खुर्ची ओढून माझ्याजवळ आणली.

"गच्चीवर झाकण लावायला माणूस लागेल तुला. प्रार्थना मी करणार नाही हं."

"बरं."

मी वाचायला लागले. भरभर वाचत सुटले.

"जरा सावकाश वाच," हे म्हणाले.