शिव्यांचे आशीर्वाद

धुळ्यातल्या अहिराणी कोश मंडळाचा डेटाबेस सोनल सांभाळायची. कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत तिने एक हुकूम टाइप केला की सगळी कलेक्शनं एकाखाली एक येऊन उभी राहायची: शब्द, ओव्या, कोडी आणि शिव्या. प्रत्येक नोंदीसोबत सांगणाऱ्याचा आवाज जपलेला. शिव्यांचं कलेक्शन तिचं भलतंच लाडकं होतं. ते जवळजवळ सगळं चोपड्याच्या भागाबाईंनी एकटीने भरलं होतं. ओट्यावर लसूण सोलत त्या एकेक शिवी सांगत, आणि ती कुणाला दिली होती ते आठवून नव्याने तापत.

मंडळाचे अध्यक्ष भूपेंद्र सर मात्र अगदी धुतलेलं मराठी बोलत. कोशाच्या उद्घाटनाआधी त्यांनी सोनलच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं.

"हे शेवटचं काय?"

"शिव्या, सर."

"अरेरे! ड्रॉप करा. अभिमन आबा पाहुणे म्हणून येताहेत."

अभिमन आबा म्हणजे कापसाच्या जिनिंग मिलचे मालक. मंडळाला जागा त्यांनीच दिलेली. सर चहाला गेले. सोनलने ड्रॉपचा हुकूम टाइप केला. एंटर दाबलं की सगळ्या शिव्या एका दमात गडप होणार होत्या. तिचं बोट काही खाली जाईना. मग तिने तो हुकूम पुसला आणि कलेक्शनचं नाव बदलायचा टाकला. शिव्यांचे झाले आशीर्वाद. आत काय आहे याच्याशी कॉम्प्युटरला काय देणंघेणं!

परतल्यावर सरांनी यादी पाहिली आणि ते खूश झाले. "वा! आशीर्वादही जमवलेत?"

"पुष्कळ जमलेत, सर," सोनल खाली मान घालून म्हणाली.

समारंभाच्या दिवशी ती भागाबाईंना आणायला चोपड्याला गेली. पोचायला जरा उशीरच झाला. दोघी पहिल्या रांगेत टेकतात न टेकतात तोच वेबसाइट करणारा हितेंद्र माइकवर बोलू लागला, "आता आबा हे बटण दाबतील आणि त्यांना खान्देशी माउलीच्या आवाजात आशीर्वाद मिळेल." कलेक्शनचं नाव पाहून ही कल्पना त्याला परस्पर सुचली होती. सोनल धडपडत उठली, तोवर आबांनी बटण दाबलंसुद्धा.

"तुना मुडदा निंघो!" स्पीकर गरजला. "लोकेस्नं खाई खाई ढेरी फुगनी तुनी!"

आबांचा हात आपसूक पोटावर गेला. भागाबाई लगबगीने उभ्या राहिल्या.

"तुमले नही आबा, मना दीरले म्हनेल शे!"

आबा गदागदा हसायला लागले. "मंग तुना दीर मनासारखाच व्हई!" म्हणत त्यांनी पुन्हा बटण दाबलं. मग काय, आशीर्वाद घ्यायला स्टेजवर रांग लागली. भागाबाई खालून, कुठली शिवी कुणाला दिली होती, ते ओरडून सांगत होत्या.

भूपेंद्र सर मात्र त्या रांगेकडे फिरकले नाहीत. दुसऱ्या दिवशी सोनलने सगळं कबूल केलं. "आत्ताच्या आत्ता जुनं नाव द्या," ते कडाडले. सोनलने निमूटपणे दिलं. सर दार आपटून घरी गेले.

संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"आबांनी घरी सोयरे गोळा केलेत. वेबसाइटवरचं बटण दाबताहेत, पण आवाज येत नाही."

"बटण 'आशीर्वाद' शोधतंय, सर. त्या नावाचं आता काही नाही. तुम्हीच सांगितलंत ना?"

"ते परत करा."

"म्हणजे शिव्यांना पुन्हा आशीर्वाद म्हणायचं? नक्की?"

"अवं मुडदानी, कर ना लवकर! आबा मना जीव खाई ऱ्हायना!"

सरांच्या तोंडून अहिराणी ती पहिल्यांदाच ऐकत होती, आणि काय खणखणीत होती!

"सर, हे पण नोंदवू का? आवाजासकट?"

पलीकडून दार लोटल्याचा आवाज आला.

"नोंदवा," सर हळूच म्हणाले, "पण खाली माझं नाव टाकू नका."