एकोणीस वर्षांची चिमुरडी

शाळा सुटल्यावर शाळेचा गणवेश कोणी शिवायला टाकत नाही. साहेबांच्या माणसाने टाकला. तोही माझ्या भाचीसाठी, आणि भाची एकोणीस वर्षांची.

"मावशी, हुबेहूब असाच हवा," त्याने माझ्या मशीनवर जुना फोटो ठेवला. "आणि दोन वेण्या घालायच्या."

फोटो सगळ्यांना पाठ आहे. बारा वर्षांची माझी भाची बारकी शाळेसमोरच्या रस्त्यात हात पसरून उभी, आणि समोर ट्रक. आदल्याच आठवड्यात तिच्या बाकावरची मैत्रीण त्या रस्त्यावर ट्रकखाली गेली होती. चॅनेलवाल्यांनी बारकीचं नाव ठेवलं ट्रकवाली चिमुरडी. साहेबांनी तिला जवळ घेऊन फोटो काढले, निवडणूक जिंकली, आणि शाळेच्या वेळेत ट्रकबंदी करण्याचा कागद सात वर्षं सहीवाचून पडून राहिला. दरवर्षी त्या तारखेला तिला बोलावतात, रडवतात आणि घरी सोडतात. पुन्हा ये रे माझ्या मागल्या. चॅनेलच्या एका बाईने तर, डोळ्यांत पाणी नीट दिसलं नाही, परत घेऊ या का, असं विचारलं होतं. तेव्हा माझ्या हातात कात्री नव्हती हे तिचं नशीब.

बारकीला घरात अजून बारकीच म्हणतात, पण ती आता आम्हा सगळ्यांत उंच आहे. बांधकामाचा डिप्लोमा करते. गेला महिनाभर शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभं राहून तिने ट्रक मोजलेत. नंबर, वेळ, फेऱ्या, सगळं एका कागदावर.

"नाही म्हणून सांग त्याला," मी तिला म्हटलं. "राबलीस तू, आणि हा आयत्या बिळावर नागोबा."

"मावशी, या वेळी साहेब कॅमेऱ्यासमोर सही करतो म्हणालेत. मला दोन मिनिटं वाचायलाही देणार आहेत. तू शीव. फक्त खिसा लाव, कागद ठेवायला."

मी शिवला. मुलींच्या गणवेशाला खिसा नसतोच, तो लावला. शिवताना दोनदा सुई मोडली, इतकी मी चिडले होते.

शूटिंगच्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही टोकांना पोलिसांनी दोर बांधला. जी बंदी सात वर्षांत होत नव्हती ती एका फोनवर झाली. शाळेची शिपाईबाई जन्मात पहिल्यांदा फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसली. मधोमध एक धुतलेला, रिकामा ट्रक आणून उभा केला होता.

"ताई, गुडघे जरा वाकवा," टोपीवाला दिग्दर्शक म्हणाला. "उंच दिसताय. लोकांना लहान मुलगी बघायची सवय आहे."

ती वाकली. मी माप घेऊन शिवलेला झगा गुडघ्यांशी चुरगळला. असं तीनदा झालं.

मग साहेब आले. तिच्या डोक्यावर हात ठेवता यावा म्हणून तिला आणखी वाकावं लागलं. त्यांनी पेन काढलं आणि सही केली, ती त्या जुन्या फोटोवर. मोठा करून आणला होता. टाळ्या वाजल्या. बारकीने खिशातून कागद काढला.

"ते आपण नंतर वेगळं घेऊ," साहेबांचा माणूस म्हणाला. तोवर साहेबांच्या गाडीचं दार लागलंसुद्धा. गरज सरो, वैद्य मरो. दिवे, तारा, तिपाया पटापट डब्यांत गेल्या आणि दोर सुटला.

दोन तास अडवून धरलेले ट्रक दोन्हीकडून एकदम निघाले. आणि त्याच वेळी शाळेची घंटा झाली. कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं, की शाळेसमोर शूटिंग आहे तर शाळा सुटेलही. शिपाईबाई खुर्ची सोडून फाटक धरायला धावली, पण पोरं कुठली थांबतात.

बारकी रस्त्यात गेली. हात पसरले. या वेळी गुडघे ताठ होते. पुढच्या ट्रकने करकचून ब्रेक मारला. मी धावले ती तिच्याकडे पाठ करून पलीकडच्या ट्रकांसमोर उभी राहिले. गळ्यात माप घ्यायची टेप तशीच होती.

"ताई, संपलं शूटिंग," साहेबांचा माणूस कडेने ओरडला. "बाजूला व्हा."

"तुमचं संपलं," ती म्हणाली.

आमच्या मधून पोरं रस्ता ओलांडत होती. तिच्या समोरच्या ट्रकचा ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून शिव्या द्यायच्या बेतात होता. बारकीने तो कागद त्याच्या हातात दिला.

"शाळा रिकामी होईपर्यंत वाचा."

त्याने वाचला. वरून खालपर्यंत, बोट फिरवत. सात वर्षांत तिचं म्हणणं शेवटपर्यंत वाचणारा हा पहिला माणूस.

"अर्ध्या तासात एकसष्ट?" तो म्हणाला. "यात माझा नंबर आहे?"

"आहे. रोज दोनदा."

तो थोडा वेळ पोरांकडे बघत राहिला. मग त्याने इंजिन बंद केलं.