आजच्यापुरतं गप्प

"दर पाच वर्सांनी हितं येऊन दाखवायचं, पाय उगवलाय का न्हाय ते!" पिराजीनं कुबडी भिंतीला टेकवली आणि मागं वळून अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला, "आवं, ऊस हाय का ह्यो, तोडला की फुटायला? साहेबाला सांगणार हाय, बगा, अजून कोंब न्हाय आला!"

रांग हसली. स्टेशनच्या टोकाच्या खोलीत पुण्याहून साहेब आले होते, रेल्वेच्या सवलतीची कार्डं नवी करून द्यायला. मुदत संपलेलं कार्ड हातात धरून कुणी कुबडीवर, कुणी चाकाच्या खुर्चीत, कुणी दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून उभं होतं.

अंजनाही हसली. मग शेजारी उभ्या लेकीकडे तोंड करून, ओठ सावकाश हलवत तिनं तो विनोद पुन्हा सांगितला. रुचिताला जन्मापासून ऐकू येत नाही. ती ओठ वाचते. ऊस, पाय, कोंब असं सगळं पोचलं तशी ती खुदकन हसली आणि पिराजीकडे बघून म्हणाली, "का-का... छा-न."

"आगं, बोलती की ही!" पिराजी चकित झाला. "आणि कार्ड कशाचं हो आक्का?"

"ऐकू येत न्हाय तिला. अजिबात न्हाय."

पिराजीचा चेहरा उतरला. आतापर्यंतचा त्याचा चढा आवाज एकदम खाली आला. "मग पोरीला गप ऱ्हायाला सांगा. कार्ड मुक्या-बहिऱ्याला असतंय. दोन्ही पायजे. नुसतं बहिरं चालत न्हाय. मागल्या खेपेला पेठ वडगावचं एक पोरगं आलतं. साहेबानं नाव इचारलं, पोरानं खुशीत सांगून टाकलं, सम्राट म्हणून. साहेब म्हणाला, वा, झकास बोलतोस. आणि कागद परत."

"पण डॉक्टरच्या दाखल्यावर लिवलंय की, बोलता येत न्हाय म्हणून."

"कधीचा दाखला?"

"चार वर्साची हुती तवाचा."

"बगा मग," पिराजी म्हणाला आणि कुबडी उचलून पुढं सरकला.

मागच्या वेळी अंजनाच्या नवऱ्यानं एकट्यानंच येऊन कागद दिले होते, कार्ड आणलं होतं. यंदा माणूस समोर पाहिजे म्हणाले. अंजनाच्या आजीच्या ओव्यांमध्ये लेक म्हणजे मैना असायची, अंगणात बोलणारी, माहेराला जागं ठेवणारी. अंजनाच्या पदरात मैना आली ती मुकी. नवरा म्हणाला होता, हातवारे पुरे की, कशाला पोरीला छळतीस. पण अंजना ऐकायची नाही. स्वयंपाकघरात पोळपाटावर चिमूटभर पीठ ठेवायचं, आपण वाकून 'प' म्हणायचं, पीठ उडायचं. मग लेकीची पाळी. पोर फुंकर मारायची, पीठ उडायचं, पण 'प' यायचा नाही. लेकीचा तळवा आपल्या गळ्यावर ठेवायचा, आत काय थरथरतं ते दाखवायचं आणि मग तोच तळवा तिच्या गळ्यावर. एकेका अक्षरापायी पावसाळे सरले. शेजारीपाजारी अंजना सगळ्यांसारखीच बोलायची, हाय-न्हाय करत. पण लेकीशी मात्र पुस्तकातलं, एकेक अक्षर गोल करून, जणू थाळीत वाढावं तसं. ज्या सकाळी पोरगी पाठीमागून आली आणि जाडसर, तुटक आवाजात "आ-ई" म्हणाली, त्या सकाळी तव्यावरची भाकरी करपली. करपलेली भाकरी तिघांनी वाटून खाल्ली.

आता रुचिता रोज मिरजेला जाते, चष्म्याच्या कारखान्यात काचा घासायला. कार्डामुळं तिला दिव्यांगांच्या डब्यात बसता येतं. मध्यंतरी एकदा तो डबा चुकला म्हणून ती गर्दीच्या डब्यात शिरली. रुकडी स्टेशनाला उतरणारी माणसं मागून "सरक, सरक" ओरडत होती, ती दारातच उभी. लोंढ्यानं तिला फलाटावर फेकलं. कपाळावर टाके पडले. गाडी सुटली असती तर, हा विचार अंजना आजवर पुरा करू शकलेली नाही.

रांग सरकत होती. अंजनानं लेकीचा दंड धरून तिला आपल्याकडे वळवलं.

"आत गेल्यावर बोलायचं नाही."

रुचिता हसली. तिला वाटलं, आई चेष्टा करते. साहेबांना 'नमस्कार, माझं नाव रुचिता' म्हणायचं ती सकाळी आरशासमोर घोकून आली होती.

"खरंच. अजिबात बोलायचं नाही."

"का?"

अंजनानं हातातले कागद नीट लावले. रुचिता तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग अगदी हळू, एकेक शब्द जपून ठेवत तिनं विचारलं, "मा-झं बो-लणं... वा-ईट?"

"नाही गं! चांगलं आहे. चांगलं आहे म्हणूनच."

हे रुचिताला कळलं नाही. कळण्यासारखं ते नव्हतंच. तेवढ्यात पिराजी बाहेर आला, कार्ड हवेत नाचवत. "जावा आक्का, साहेब माणूस बरा हाय."

साहेब खरंच बरा होता. तरुण, घामेजलेला, वरचा पंखा बंद पडलेला. त्यानं कागद चाळले, फोटो बघितला, पोरीकडे बघितलं आणि हसून विचारलं, "नाव काय बाळ तुझं?"

रुचितानं ते वाचलं. तिचा गळा हलला. अंजनाला तो हललेला दिसला. मग काहीतरी मोठं गिळावं तसं रुचितानं गिळलं आणि ती आईकडे बघू लागली.

"थोडंफार बोलता येतं का हिला?" साहेबानं अंजनाला विचारलं.

लेकीची नजर अंजनाच्या ओठांवर होती. ती नजर तिथून कधी हलत नाही, आईनंच ती सवय लावलेली. अंजनानं पदर तोंडाशी नेला, घाम पुसल्यासारखं केलं आणि पदराआडून काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणालात? बाहेर गाडीचा आवाज आहे मॅडम, जरा स्पष्ट सांगा."

अंजनानं पदर खाली घेतला. आणि सवय अशी की शब्द आले ते सावकाश, एकेक अक्षर गोल, लेकीच्या थाळीत वाढावं तसे.

"हिला... बोलता... येत... नाही."

शिक्का बसला. "झालं. आता पाच वर्षं काळजी नाही," साहेब म्हणाला.

बाहेर ऊन चढलं होतं. रुचिता पुढं, अंजना मागं. चहाच्या गाड्यापाशी रुचिता थांबली. चहावाली झुंबरबाई रोजची ओळखीची.

"काय गं पोरी, किती देऊ?"

रुचितानं दोन बोटं वर केली.

"का? घसा बसला व्हय?"

रुचितानं मान हलवली, हो म्हणून. झुंबरबाईनं आलं जास्त घालून दोन कप पुढं केले. एक रुचितानं आईच्या हातात दिला, जपून, सांडू न देता.

"रागावलीस?" अंजना तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "अगं, तेवढ्यापुरतं होतं. कार्डासाठी. आता बोल. काहीही बोल. मला शिव्या दे, पण बोल."

रुचितानं तिच्या ओठांकडे बघितलं. शेवटपर्यंत बघितलं. रागावल्यासारखी ती दिसत नव्हती. दमल्यासारखी दिसत होती. मग कप दोन्ही हातांत धरून तिनं डोळे मिटून घेतले.

अंजना बोलतच राहिली.