नळवाल्या काकांच्या गळ्यातला 'ऑलवेज'

मी 'ऑलवेज' बोलतोय. घाबरू नका, इंग्रजी झाडणार नाही. मला ती भाषा येतच नाही. माझ्या अंगावर तिच्यातला एक शब्द लिहिलाय, एवढंच. मुळात मी पुठ्ठा, एका नव्या फ्रिजच्या खोक्यातून कापून काढलेला. माझ्या पाठीवर अजून अर्धा बाण छापलेला आहे. तो कुठे न्यायचा होता ते मला कळायच्या आत कात्री फिरली.

कात्री बाईंची होती. बाई वयाने लहान, दूर कुठेतरी शिकून नुकत्याच परतलेल्या. उत्साह असा की त्यांच्या समोर बसलेल्याला जांभई द्यायची चोरी. एका शिलाईच्या दुकानामागच्या खोलीत त्या संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवत. त्यांची पद्धत जगावेगळी होती. प्रत्येकाच्या गळ्यात एक पुठ्ठा, पुठ्ठ्यावर एक शब्द. सगळ्यांनी भिंतीशी रांगेत उभं राहायचं आणि एकेकाने आपापला शब्द म्हणायचा. झालं वाक्य! नियम एकच: आपल्या शब्दाखेरीज दुसरं काही बोलायचं नाही.

मी लटकलो नळवाल्या काकांच्या गळ्यात. काका नळ दुरुस्त करत. गळका नळ त्यांच्या हाती लागला की बंद व्हायचा, पण त्यांचं स्वतःचं तोंड बंद करेल असा पाना अजून बाजारात आला नव्हता. कुणी कुणालाही काही विचारो, उत्तर काका देत. त्यातून काकूंना विचारलेलं तर हमखास.

वर्गात खरं तर काकूंनीच नाव घातलं होतं. त्यांना बाहेर नोकरी करायची होती, लोकांशी बोलायची, पुढच्या टेबलाशी बसायची. मागे एकदा त्या एका दुकानात मुलाखतीला गेल्या होत्या. सोबत काका. मालकाने काकूंना जे जे विचारलं त्याची काकांनी अशी झकास उत्तरं दिली की मालकाने नोकरी काकांनाच देऊ केली! काकू घरापर्यंत काकांच्या चार पावलं पुढे चालल्या. आता दातांच्या एका दवाखान्यात जागा निघाली होती. तिथे नाना ठिकाणचे रुग्ण येत, म्हणून थोडं इंग्रजी हवं होतं. ही संधी काकूंना घालवायची नव्हती. त्या वर्गाला निघाल्या, तर काकाही चपला घालून दारात उभे. "तू एकटी कशी जाणार?"

पहिल्याच दिवशी वाक्य उभं राहिलं. काकू 'आय', एक निवृत्त पोस्टमन आजोबा 'ड्रिंक', बेकरीवाला 'टी'. काका मला घेऊन गेले ते थेट आजोबा आणि बेकरीवाल्याच्या मध्ये घुसले.

"काका, तिथे नाही," बाई म्हणाल्या. "आजोबांच्या आधी या. क्रियापदाच्या आधी."

"पण बाई, मराठीत कुठेही चालतं की! मी नेहमी चहा पितो, मी चहा नेहमी पितो, नेहमी मी चहा पितो. चहा गार होत नाही!"

"इंग्रजीत 'ड्रिंक' आणि 'टी' यांच्यामध्ये कुणी शिरत नाही."

"बेकरीवाला माझा मित्र आहे हो!"

"अहो," काकू हळूच म्हणाल्या, "सरका ना."

काका सरकले. काकूंच्या शेजारी उभे राहिले. काकू म्हणाल्या, "आय." काकांनी छातीत श्वास भरला, तोंड उघडलं, "ऑलवेज, म्हणजे नेहमी, आमच्याकडे सकाळी दोनदा होतो—" बाईंनी बोट ओठांवर ठेवलं. पुन्हा "आय." पुन्हा श्वास. मी काकांच्या छातीवर होतो म्हणून सांगतो, आत प्रेशर कुकर होता. शेवटी फक्त "ऑलवेज" बाहेर आलं आणि मग काका चक्क गप्प बसले. काकूंनी त्यांच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, जणू लग्नात राहून गेलेला आहेर आज पोचला.

पुढे 'इज' आलं तेव्हा मोठा गोंधळ झाला. बाई म्हणाल्या, 'इज' असेल तर 'ऑलवेज' त्याच्या मागे. "शी इज ऑलवेज बिझी."

"काल आधी उभं केलंत, आज मागे," काका कुरकुरले. "हा 'इज' कोण लागून गेला?"

'इज' त्या दिवशी आजोबांच्या गळ्यात होता. ते म्हणाले, "मी वयाने मोठा आहे. तू मागे हो."

वर्ग सुटल्यावर काकूंनी बाईंना विचारलं, "हा पुठ्ठा घरी नेऊ का? अभ्यासाला."

अभ्यास कसला! घरी काकूंनी कायदा केला: मी गळ्यात असेपर्यंत काकांनी तोच एक शब्द बोलायचा. "जमणार नाही तुम्हाला," काकू म्हणाल्या, आणि तेवढ्यावर काका पेटले. "मला? घाल तो पुठ्ठा!" मग दाराशी इस्त्रीवाला आला. "काका, चादरी द्यायच्या आहेत का?" काका म्हणाले, "ऑलवेज." त्याने घरातल्या सगळ्या चादरी नेल्या. शेजारणीने विचारलं, "तुमची तब्येत बरी नाही का?" "ऑलवेज." ती बिचारी काढा घेऊन आली. इकडे काकू स्वयंपाकघरात भांड्यांशी, खिडकीशी, मिठाच्या बरणीशी इंग्रजी बोलत होत्या. अडखळत होत्या, थांबत होत्या, पण वाक्य त्यांचं त्याच पुरं करत होत्या.

मुलाखतीच्या दिवशी काका निघालेच. काकूंनी मला पिशवीत टाकलं आणि पिशवी त्यांच्या हातात दिली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंची खोली एवढीशी. एका खुर्चीवर त्या, दुसरीवर काकू. काकांसाठी उरली फक्त रुग्णांची आडवी खुर्ची. काका तिच्यावर चढले आणि पिशवी पोटावर घेऊन पसरले.

डॉक्टरीणबाईंनी काकूंना इंग्रजीत विचारलं, तुम्ही कुठे राहता? आडव्या खुर्चीतून उत्तर आलं, "इथेच जवळ, पाण्याच्या टाकीच्या मागे."

"नोकरी तुम्हाला हवी आहे का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

काकूंचे कान लाल झाले. त्यांनी मागे वळून पाहिलंच नाही.

दुसरा प्रश्न आला. रुग्ण घाबरलेला असेल तर तुम्ही काय कराल?

शब्द कुठेतरी होते, पण सापडत नव्हते. भिंतीवरचा पंखा मान फिरवून इकडून तिकडे गेला आणि परत आला. काकांचं तोंड आपोआप उघडलं. डॉक्टरीणबाईंनी सवयीने आत डोकावून पाहिलं. काकांना उत्तर येत होतं. ते जिभेच्या टोकावर होतं, मला पिशवीतून ऐकू येत होतं जवळजवळ. काकूंची बोटं पदराचं टोक पिळत होती. आणि काकांना ती दिसली.

काकांनी तोंड मिटलं. पिशवीत हात घातला, मला बाहेर काढलं आणि स्वतःच्या हाताने गळ्यात अडकवलं.

डॉक्टरीणबाई बघतच राहिल्या. त्या कशाकडे बघतायत म्हणून काकू वळल्या. दातांच्या खुर्चीत आडवा झालेला नवरा, छातीवर 'ऑलवेज', ओठ घट्ट मिटलेले, डोळे छताकडे. काकूंना हसू फुटलं. ते आवरता आवरता शब्द सापडले. "आय सिट निअर हिम," त्या म्हणाल्या. "आय टॉक ऑलवेज सॉफ्टली."

माझा जीव खालीवर झाला. मी 'टॉक'च्या मागे! बाई असत्या तर रांग मोडून पुन्हा उभी केली असती. पण डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली आणि विचारलं, "सोमवारपासून याल?"

काकूंनी काकांकडे पाहिलं नाही. "येस," म्हणाल्या.

त्याला आता बरेच महिने झाले. बाईंनी वर्गासाठी दुसरा 'ऑलवेज' कापला. मी इथेच राहिलो. सध्या काकांच्या घरी खडखडणाऱ्या खिडकीच्या फटीत उभा असतो. एक कोपरा दुमडलाय, शाई फिकट झालीये. काका अजूनही बोलतात. पूर्वीइतकंच म्हणा ना! पण काल समोरच्या वहिनींनी विचारलं, "काकू, दवाखान्यात कसं चाललंय?" तेव्हा काकांनी नुसता श्वास घेतला आणि सोडून दिला.

तुम्हालाही सांगून ठेवतो. इंग्रजी बोलाल तेव्हा मला क्रियापदाच्या आधी उभं करा, मला बरं वाटेल. चुकून मागे ठेवलंत तरी रुसणार नाही. पण बोला. आणि दुसरा कुणी शब्द शोधत उभा असेल, तर त्याला तो शोधू द्या.

मी थांबतो आता. काकू कामावरून आल्यात आणि काहीतरी सांगतायत.