दुसऱ्याचं पत्र

तेव्हा आमच्या नकाशे छापणाऱ्या कचेरीत चाळीस माणसांना मिळून इंटरनेटची एकच बारीक लाईन होती. म्हणून संगणक विभागाच्या दादांनी प्रॉक्सी सर्व्हर बसवला. एकाने पान उघडलं की सर्व्हर त्याची प्रत ठेवून घ्यायचा आणि दुसऱ्याने तेच मागितलं की चटकन पुढे करायचा. मी दादांच्या हाताखाली नवीनच लागले होते.

एका सकाळी नकाशे काढणाऱ्या ताई धापा टाकत आल्या.

"अगं, मी माझी मेल उघडली, तर भांडारबाबांचं पत्र आलं समोर!"

भांडारबाबा म्हणजे आमचे स्टोअरकीपर. बोलणं असं, की मिरचीनंही लाजावं. पत्र डोळ्यांच्या डॉक्टरांचं होतं. बाबांची नजर हळूहळू जात होती. ताईंनी दोनच ओळी वाचून मॉनिटर बंद केला होता.

दादांनी तासाभरात खोट शोधली. खाजगी पानांवर 'प्रत ठेवू नये' अशी खूण असते. आमच्या सॉफ्टवेअरला ती कधी कधी कळतच नव्हती, म्हणून बाबांच्या मेलची ठेवलेली प्रत ताईंपुढे आली होती. दादांनी साठवलेलं सगळं पुसलं, सर्व्हर बंद केला. इंटरनेटची गोगलगाय झाली आणि कचेरीभर ओरडा सुरू झाला.

"आता बाबांना सांगायचं," दादा म्हणाले.

"कशाला? त्यांना कुठे काय कळलंय?" मी म्हणाले.

"आपल्याला कळलंय ना? चल."

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मी शिव्यांच्या तयारीत उभी.

"वाचलं कुणी?"

"मी," ताई दारातूनच म्हणाल्या. "चुकलं माझं, बाबा."

बाबांनी चष्मा काढून हातात धरला. "बरं झालं, बाई. दोन महिने घशात अडकलं होतं. घरीसुद्धा बोललो नाही."

त्या संध्याकाळी ते घरी बोलले. ताईंनी भांडारातल्या फळ्यांवरच्या चिठ्ठ्या बोटभर उंच अक्षरांत नव्याने लिहून दिल्या. आठ दिवसांनी सॉफ्टवेअरची दुरुस्त आवृत्ती आली. दादांनी ती तीनदा तपासली, मगच सर्व्हर सुरू केला. बाबांनी पुढे चार वर्षं नोकरी केली.

आता दादा नाहीत, बाबाही नाहीत. मला मात्र ते आठ दिवस आठवतात. पान उघडेपर्यंत करायचं काय, म्हणून सगळे भांडारात जमायचे. बाबा एकेकाला शेलक्या शब्दांत हाकलायचे, आणि कुणी जागचं हलायचं नाही.