अख्ख्या गोळ्या

खडूच्या जुन्या खोक्यात वर चिंचोके होते आणि चिंचोक्यांखाली गोळ्या. रसिकाने त्या पलंगावर मांडल्या. सतरा. अख्ख्या, पण कडा विरघळल्यासारख्या.

आईला जाऊन बावीस दिवस झाले होते.

आईने, म्हणजे मंदाकिनीबाईंनी, डोंबिवलीच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. पोरांच्या दोन रांगा करून मधे हातभर फट ठेवायच्या. रांगेतून निरोप हात दाबत पुढे सरकायचा. फटीपाशी आला की शेवटच्या पोराने पलीकडे चिंचोका फेकायचा. "मज्जातंतूतली वीज इथे थांबते. पलीकडे रसायन जातं, आणि ते कुणीतरी झेलावं लागतं." फट रुंदावली की चिंचोके जमिनीवर, निरोप बुडाला आणि वर्ग हसून लोटपोट.

म्हातारपणी आजारही नेमका असल्याच फटीचा झाला, मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामधल्या. "झेलणारे कमी झालेत गं," ती म्हणायची. "गोळी चिंचोक्यांना तिथे थोडं जास्त रेंगाळू देते, इतकंच." गोळी चुकली की पापणी खाली यायची, जीभ जड व्हायची, घास अडायचा. शेवटी श्वासच अडला.

रसिका ठाण्याहून रविवारी यायची. दर रविवारी जेवताना आईची पापणी पडलेली. इतर दिवस सांभाळणाऱ्या नंदावर तिचा संशय तेव्हापासूनचा. आज पुरावाच हाती लागला होता. नंदाला पाठवणाऱ्या ब्यूरोच्या बाईंना तिने फोन केला, संध्याकाळपर्यंत लेखी तक्रार देते म्हणून. "तसं असेल तर तिला पुन्हा कुठेच काम नाही," त्या म्हणाल्या.

बोलावल्यावर नंदा आंबिवलीहून लगेच आली.

"नंदाताई, या काय आहेत?"

"बाईंच्या गोळ्या."

"आईच्या पोटात जायच्या होत्या ना? मग खोक्यात कशा?"

नंदाने एक उचलून उजेडात धरली. "ही माझ्या हातची नाही, ताई."

"गोळीवर नाव असतं का हाताचं?"

"नाव कशाला? मी कुटून द्यायचे. बाईंना गिळवत नव्हतं, म्हणून खलात पूड करून मऊ भातात. अख्खी दिलीच नाही कधी. खल बघा की, ओट्यावरच आहे."

खल होता. तळ पांढरट.

"मग अख्ख्या कोण देत होतं? चोर?"

"ते मी काय सांगू. रविवारी माझी सुट्टी."

रसिका पलंगाच्या कडेवर बसली. रविवारची गोळी तीच आईच्या तळहातावर ठेवायची, पाण्याचा पेला द्यायची आणि कुकर लावायला आत जायची.

"पण का घेत नव्हती?"

"गोळीनं पोटात मुरडा यायचा. मग तासभर संडासच्या फेऱ्या. एकदा म्हणालेल्या, पोरगी सहा दिवसांनी येते, तेव्हा मी काय संडासात बसू? मला वाटलं थट्टा करतायत."

रसिकाने तिच्याकडे रोखून पाहिलं. हीच बनवत असेल तर? तिने एक गोळी नखाने फिरवली. गालात धरून ठेवल्याशिवाय कडा अशा होत नाहीत.

फोन वाजला. ब्यूरो.

"तक्रार नाही," रसिका म्हणाली. "नंदाताईंना काम द्या."

"आणि त्या गोळ्या?"

ती चिंचोके एकेक करून खोक्यात टाकत होती.

"देणारा हात माझा होता," ती म्हणाली. "पुढचं मी बघितलं नाही."