बिनतोंडाची पेटी

माझ्या थोरल्या भावाच्या पेटीला पडदा होता आणि माझ्या पेटीला नव्हता. गोष्ट एवढीच, पण तिच्यापायी माझ्या पोटात चार वर्षं दुखत होतं.

आमचे अप्पा नांदेडला वजिराबादेत वायरलेस सेट दुरुस्त करायचे. त्यांच्याकडे दोन जुन्या विलायती पेट्या होत्या, एकीवर एक ठेवलेल्या. वरची स्पेक्ट्रम ॲनालायझर. हवेतला सिग्नल तिच्या हिरव्या पडद्यावर उमटायचा. खालची ट्रॅकिंग जनरेटर. वरची ज्या क्षणी ज्या फ्रिक्वेन्सीवर बघेल, नेमका तिथलाच सिग्नल खालची सोडायची. एकीने हाक मारायची, दुसरीने ओ द्यायची. मधे टॉवरवरचा फिल्टर जोडला, की तो किती सिग्नल जाऊ देतो न् किती अडवतो, ते पडद्यावर डोंगरासारखं दिसायचं. अप्पा स्क्रू फिरवत त्या डोंगराला आकार आणायचे.

अप्पा गेले. वाटणी करायला देगलूरहून मामा आले. मामांना पेट्यांतलं काही कळत नव्हतं, न्यायातलं मात्र सगळं कळत होतं. "दोन पेट्या, दोन भाऊ. मग भांडान कशाचं?" थोरल्याचा मान म्हणून शिवप्पाअण्णाला पडद्याची, मला बिनतोंडाची. धाकटी बहीण पुनम, जळकोटला दिलेली, तिने रीतीप्रमाणे हक्कसोडीवर सही केली. कोपऱ्यातलं वायरींचं एक पोतं तेवढं मागितलं. "अप्पाची आठवन," म्हणाली. आम्ही दोघांनीही मोठ्या मनाने ते देऊन टाकलं.

अण्णाने लातूरला दुकान थाटलं आणि पेटी काचेमागे मांडली, रस्त्यावरून दिसेल अशी. हिरवी रेघ हलताना बघून गिऱ्हाईक दारातच गार व्हायचं. मी नांदेडला अप्पांच्याच दुकानात; माझ्या पेटीला चार बटणं आणि एक काटा. लोक विचारायचे, "हे काय, स्टॅबिलायझर हाय का?" लातूरहून आलेला माणूस अण्णाच्या दुकानाचं कौतुक करायला लागला, की माझा चहा कडू व्हायचा. बायको, तनुजा, एकदा सरळच म्हणाली, "तुमचं चालत न्हाई म्हणून तुम्ही तळमळत न्हाई. त्यांचं चालतंय म्हणून तळमळून राहिलात." खरं बोलणाऱ्या माणसाशी संसार करणं अवघड असतं.

यंदा दिवाळीआधी एका साखर कारखान्याचा माणूस टॉवरचा फिल्टर घेऊन माझ्याकडे आला. अप्पांचं जुनं गिऱ्हाईक. गाळप सुरू व्हायच्या आत फिल्टर सेट करून हवा होता. हे काम परत पाठवलं, तर दुकानाच्या पाटीवर अप्पांचं नाव कोणत्या तोंडाने ठेवायचं? मी छाती काढून "होऊन जाईल" म्हणालो. डोंगर बघायला पडदा कुठं होता?

शेवटी अभिमान गिळला, फिल्टर आणि पेटी गाडीत घातली आणि लातूर गाठलं. अण्णाला म्हणालो, "दोन दिवस तुझी पेटी दे."

अण्णाचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. तो माझ्या पेटीकडे बघत होता, भुकेल्या माणसाने दुसऱ्याच्या ताटाकडे बघावं तसा.

"तुझीच ठिऊन जा हितं," तो म्हणाला. "ही नुसती बघती रे, मल्लू. देत काहीच न्हाई. चार वर्षं झाली, लोकायला रेघ दाखवून राहिलो. एक फिल्टर सेट झाला न्हाई माझ्याच्यानं. खरी पेटी तुला गेली, मला काचेतली."

इतकं गोड मला आयुष्यात कुणी बोललं नव्हतं. अण्णा माझ्यावर जळत होता! मी चहा मागवला, आणि तो मला गोड लागला.

मग आम्ही पेट्या एकीवर एक ठेवल्या. मागे बघतो तर जोडायची भोकं एकाखाली एक आणि मधल्या दोन आखूड वायरी गायब. त्यांची टोकं जगावेगळी, बाजारात आता मिळत नाहीत. दोघांनाही एकदमच पोतं आठवलं. दोघांनीही एकदमच फोन काढला, वायरी आपल्यालाच मिळाव्यात म्हणून. माझा आधी लागला.

"देनार न्हाई," पुनम म्हणाली. "पेट्या घेऊन हिकडं या. दोघंबी."

जळकोटला तिने वायरी काढल्या. पोत्यात नव्हत्याच त्या, कपाटात होत्या, अप्पांच्या जुन्या उपरण्यात गुंडाळलेल्या. लहानपणी पेट्यांच्या मागे बसून अप्पांना वायरी तीच लावून द्यायची. आताही तिनेच लावल्या. स्क्रू कुणी फिरवायचा यावरून अण्णाचं न् माझं भांडण झालं, पण डोंगर उभा राहिला. अप्पांचा असायचा तसाच.

मग मी वायर काढायला हात घातला. पुनमने माझा हात धरला.

"ती माझी हाय, दादा. दुकान सोडलं, घर सोडलं, मामा म्हनला तिथं सही केली. तुमच्या पेट्यायचा लई हेवा वाटायचा मला. तुला काय पायजे, असं इचारलं का कुनी? पेट्या न्यायच्या तर न्या. वायरी हितंच राहतील."

मी हात मागे घेतला. अण्णाने फिल्टर तेवढा सोडवून घेतला.

फिल्टर कारखान्यात गेला, पेट्या जळकोटलाच राहिल्या, पुनमच्या पुढच्या खोलीत. आता गिऱ्हाईक तिला फोन करतं आणि ती आम्हाला बोलावते. परवा म्हणाली, "अण्णाला मंगळवार दिलाय. तू बुधवारी ये."

"त्याला आधी का म्हणून?" माझ्या तोंडून गेलंच. "मंगळवारवर माझाबी हक्क हाय."

"मग सोड की," पुनम म्हणाली. "मी न्हाई सोडला?"